डेडस्टॉक रजिस्टरात नसलेली वस्तू

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातली शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, सहकारी दूधसंघ, कुठेही गेलात तरी कपाटात एक जाड वही सापडते. सरकारी भाषेत ती जडवस्तू संग्रह नोंदवही, बोलण्यात डेडस्टॉक रजिस्टर. लाकडी खुर्च्या, पंखे, गोदरेजचे कपाट, पाण्याचे पिंप अशी प्रत्येक वस्तू त्यात चढते. खरेदीची तारीख, पावती क्रमांक, किंमत आणि नग लिहिले जातात. वर्षातून एकदा पडताळणी होते. मोडकी वस्तू कोणी परस्पर फेकत नाही; तिच्या निर्लेखनाचा ठराव होतो, त्यावर सही होते. या वहीत संगणकही असतात. ‘संगणक संच, नग ६’ अशी एक ओळ असते आणि तिथेच नोंद संपते. त्या सहा संचांच्या आत कोणकोणती सॉफ्टवेअर बसवली आहेत, कोणत्या आवृत्तीची आहेत, कोणी बसवली, शेवटची कधी सुधारली, हे कुठल्याच वहीत नसते. ही चूक एखाद्या कारकुनाची नाही. हात लावता येतो तीच मालमत्ता, अशी आपली कार्यालयीन समजूत जुनी आहे आणि वही त्या समजुतीप्रमाणे आखलेली आहे. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: संस्थेच्या संगणकांवरची इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे दुरुस्त न होता पडून राहतात, ती मुख्यतः नोंदीच्या आणि जबाबदारीच्या अभावामुळे. तांत्रिक अवघडपणाचा वाटा त्यात फार थोडा आहे.

आधी एका साध्या संगणकाची झडती घेऊ. समजा, जळगावातल्या एका डाळमिलच्या हिशेबनिसाचा संगणक आहे. त्यावर विंडोज आहे आणि ऑफिस आहे. ही दोन्ही मायक्रोसॉफ्टची, त्यामुळे विंडोज अपडेट चालू असेल तर त्यांची काळजी बरीचशी आपोआप घेतली जाते. पण त्याच पडद्यावर टॅली असते, क्रोम असतो, पीडीएफ उघडण्यासाठी अडोबी रीडर असतो, दाबलेल्या फाइली उघडण्यासाठी विनरार असते. दूरवरून दुरुस्ती करून घेण्यासाठी एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर असते. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटीच्या पोर्टलवर सही उमटवण्यासाठी ईमसायनर, कधीकाळी ई-निविदा भरण्यासाठी बसवलेली जावा, मराठी टायपिंगसाठी आयएसएम किंवा श्रीलिपी, प्रिंटरबरोबर आलेली दोन-तीन सॉफ्टवेअर, आणि कोणीतरी एकदा पीडीएफचे वर्डमध्ये रूपांतर करण्यासाठी उतरवलेले एक फुकट साधन. या यादीला विंडोज अपडेट हात लावत नाही. प्रत्येकाची सुधारणा वेगळ्या वाटेने येते. क्रोम स्वतःच नवी आवृत्ती आणून ठेवतो आणि पुन्हा उघडल्यावर ती लागू करतो. काही सॉफ्टवेअर खिडकी दाखवून परवानगी मागतात आणि माणूस ‘नंतर’ म्हणून ती मिटवतो. काहींच्या सुधारणा वार्षिक वर्गणी भरली तरच मिळतात. काही तर नवी आवृत्ती आल्याचे मालकाला कळवतही नाहीत.

विनरार हे या शेवटच्या गटातले. ते स्वतःहून अद्ययावत होत नाही. नवी आवृत्ती माणसाने संकेतस्थळावरून उतरवून पुन्हा बसवावी लागते. फेब्रुवारी २०१९मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यातला एक दोष जाहीर केला. एस नावाच्या जुन्या प्रकारच्या दाबलेल्या फाइली उघडणारा छोटा तुकडा विनरारने दुसऱ्याकडून घेतला होता आणि दोष त्या तुकड्यात १९ वर्षांहून जास्त काळ दडलेला होता. फाइल नुसती उघडली तरी हल्लेखोर आपला प्रोग्राम संगणकाच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवू शकत होता. विनरारकडे त्या तुकड्याचा मूळ कोडच नव्हता. म्हणून दुरुस्ती न करता त्यांनी तो तुकडा काढून टाकला आणि त्या प्रकारच्या फाइली उघडण्याची सोय बंद केली. कंपनीच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तेव्हा वापरकर्ते ५० कोटी होते. २०२३मध्ये दुसरा दोष निघाला. एप्रिलपासून हल्लेखोर तो वापरत होते आणि शेअर व आभासी चलनांचे व्यवहार करणाऱ्यांच्या चर्चामंचांवर सापळ्याच्या फाइली टाकत होते. दुरुस्त आवृत्ती ऑगस्टमध्ये आली. तरी ऑक्टोबरमध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाला सांगावे लागले, की वेगवेगळ्या देशांचे सरकारपुरस्कृत गट अजून हाच दोष यशस्वीपणे वापरत आहेत, कारण असंख्य लोकांनी नवी आवृत्ती घेतलेलीच नाही. जुलै २०२५मध्ये आणखी एका दोषासाठी ७.१३ ही आवृत्ती काढावी लागली. दुरुस्ती उपलब्ध होती, फुकट होती, आकाराने किरकोळ होती. तरीही ती पोहोचली नाही, कारण पोहोचवणे हे कोणाचे कामच नव्हते.

मायक्रोसॉफ्टचे म्हणून जे आपण निश्चिंतपणे वापरतो, त्यातही दुसऱ्याचे घटक असतात. वर्डमध्ये गणिताची समीकरणे लिहिणारे जुने इक्वेशन एडिटर डिझाइन सायन्स या कंपनीकडून घेतलेले होते. त्याची फाइल २०००मध्ये तयार झाली आणि पुढची १७ वर्षे ऑफिसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तशीच पुढे जात राहिली. नोव्हेंबर २०१७मध्ये त्यातल्या गंभीर दोषावर दुरुस्ती आली आणि जानेवारी २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साधनच काढून टाकले. त्यानंतरही कित्येक वर्षे ‘बिल’, ‘कोटेशन’, ‘पेमेंट अॅडव्हाइस’ अशा नावांच्या फाइलींमधून हाच दोष वापरला जात राहिला. ज्या कार्यालयात ऑफिस २००७ किंवा २०१० आहे आणि अपडेट बंद करून ठेवले आहे, तिथे हे दार अजूनही उघडे आहे. जिल्ह्याच्या गावी या आवृत्त्या किती चिवटपणे टिकून आहेत, हे झेरॉक्सच्या दुकानापासून संस्थेच्या लेखाविभागापर्यंत कोणालाही दिसते.

आता या जुनेपणाचा उगम पाहू, कारण तो बहुतेक चर्चांमध्ये सुटतो. संगणक हळू चालायला लागला की दुरुस्तीवाला येतो आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, हे काम करणारी मुले हुशार असतात, मेहनती असतात आणि तुटपुंज्या पैशात दिवसाला अनेक ठिकाणी धावतात. त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये किंवा हार्डडिस्कवर ‘सेटअप’ नावाचा एक फोल्डर असतो. विनरार, रीडर, व्हीएलसी, जावा, एनीडेस्क, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, सगळे त्यात तयार. दर वेळी इंटरनेटवरून नव्याने उतरवणे परवडत नाही; वेळ जातो, गिऱ्हाइकाची लाइन बंद असते. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी भरलेला फोल्डर पुन्हा पुन्हा ओतला जातो. नवाकोरा किंवा नुकता फॉरमॅट केलेला संगणक अशा रीतीने पहिल्याच दिवशी जुना होतो. शिवाय काही साधने बसवावी लागतच नाहीत. डाउनलोड फोल्डरमधून थेट चालतात आणि कंट्रोल पॅनेलच्या यादीत दिसत नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले, सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही बदलली आणि सगळ्यांना नवी आवृत्ती घ्यायला सांगितले. डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेल्या जुन्या प्रतीपर्यंत ती सूचना कशी पोहोचणार? एका दुरुस्तीवाल्याचा सेटअप फोल्डर वेळच्या वेळी ताजा ठेवला, तर त्याच्याकडची पन्नास कार्यालये एकाच वेळी सुधारतात. या प्रश्नात खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा लाभ इथे आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नाही.

नोंदीचा अभाव हा गरीब संस्थांचाच रोग असेल, अशी शंका येईल. त्याला इक्विफॅक्सचे उत्तर पुरेसे आहे. ही अमेरिकेतली अवाढव्य पतमाहिती कंपनी. ७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या मोफत वेब-सॉफ्टवेअरमधल्या दोषावर दुरुस्ती आली. ८ मार्चला सरकारी यंत्रणेने इशारा दिला. ९ मार्चला कंपनीत अंतर्गत ईमेल फिरला, की ज्यांच्याकडे हे सॉफ्टवेअर आहे त्यांनी ४८ तासांत ते दुरुस्त करावे. १० मार्चलाच हल्लेखोरांनी तो दोष चाचपून पाहिला. १५ मार्चला कंपनीने स्वतःच्या जाळ्याची तपासणी केली आणि त्या तपासणीत काहीच सापडले नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका जुन्या पोर्टलमध्ये ते सॉफ्टवेअर होते, पण ते तिथे आहे हे ज्याला माहीत असायला हवे त्याच्यापर्यंत निरोपच गेला नाही. ईमेलच्या प्राप्तकर्त्यांची यादी जुनी झाली होती. १३ मेपासून माहिती बाहेर जाऊ लागली आणि २९ जुलैपर्यंत जात राहिली. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती त्यात गेली. पैसा होता, तज्ज्ञ होते, ४८ तासांचा लेखी नियम होता. ‘हे सॉफ्टवेअर आपल्याकडे कुठे कुठे आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे’ या एका प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. ते उत्तर डेडस्टॉक रजिस्टरच्या चार रकान्यांत मावते.

आपल्या इकडच्या सहकारी बँकांना याचा धडा ३१ जुलै २०२४ला मिळाला. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली सी-एज ही कंपनी देशभरातल्या लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरवते. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. ३००च्या आसपास बँकांचे ग्राहक काही काळ यूपीआय आणि एटीएमच्या व्यवहारांना मुकले; दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने केलेल्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजला सेवा देणाऱ्या आणखी एका कंपनीच्या जेंकिन्स सर्व्हरपासून झाली. जेंकिन्स हे प्रोग्रामरांचे मोफत साधन आहे आणि ज्या दोषाकडे क्लाउडसेकने बोट दाखवले, त्याची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४लाच आली होती. हे विश्लेषण खरे धरले, तर मधे सहा महिने गेले. बँकेच्या शाखेतल्या खिडकीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्यापासून ते जेंकिन्सपर्यंत तीन संस्था येतात आणि दुरुस्ती राहून गेली ती तिसऱ्या संस्थेत. म्हणून लहान बँकेच्या नोंदवहीत आपल्या शाखेतले संगणक लिहून भागत नाही. सेवा कोण देतो, त्याच्याकडे दुरुस्तीची मुदत किती दिवसांची आहे आणि ती पाळल्याचा दाखला दर तिमाहीला मिळतो का, हे रकानेही लागतात. वार्षिक देखभालीच्या (एएमसी) करारात साधारणपणे माउस, कीबोर्ड आणि भेटींची संख्या लिहिलेली असते. तिथे एक कलम वाढवायला पैसे पडत नाहीत.

ही काही माझी नवी कल्पना नाही. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्हींची अद्ययावत नोंदवही ठेवा, कोणते सॉफ्टवेअर अधिकृत आणि कोणते अनधिकृत याची यादी ठेवा, आणि सर्व्हरपासून कर्मचाऱ्याच्या संगणकापर्यंत दुरुस्त्यांची स्थिती तपासत राहा, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. ३१ डिसेंबर २०१९ला बँकांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्या ठरवून ही चौकट वाढवली गेली. खान्देशात मात्र पैशाचा मोठा व्यवहार सहकार कायद्याखालच्या पतसंस्थांतून चालतो आणि त्यांना हे परिपत्रक लागू नाही. सराफ बाजारातल्या पेढ्या, केळीचे आडते, जिनिंग, शिक्षणसंस्था या तर कोणत्याच वित्तीय नियामकाच्या नजरेत येत नाहीत. ग्राहकांचे आधार, पॅन, सोन्याच्या खरेदीची बिले, विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले त्यांच्याकडे तितकेच असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी खबरदारी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचा धाक दाखवणे मला आवडत नाही. लोकांनी विश्वासाने हाती दिलेले कागद नीट जपणे हे त्याहून मोठे कारण आहे.

‘आमच्यासारख्या लहान संस्थेवर कोण कशाला हल्ला करील?’ हा पहिला आक्षेप हमखास येतो आणि तो प्रामाणिक असतो. त्यात गृहीत असे धरलेले असते, की हल्लेखोर सावज निवडतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने कोणालाच निवडले नव्हते. इंटरनेटवर जो जो दुरुस्ती न झालेला विंडोज संगणक सापडला, त्यात तो शिरत गेला. १५० देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. आजचे बहुतेक हल्लेही आधी यंत्राने सगळे पत्ते चाचपतात. कोण लहान आणि कोण मोठा हे आत शिरल्यावर पाहिले जाते. दुसरा आक्षेप: ‘अँटिव्हायरस आहे की!’ मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर सिनॅक या खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. जळगावच्या आणि धुळ्याजवळच्या अवधानच्या वसाहतींसह राज्यभरातल्या उद्योजकांचे भूखंडांचे कामकाज जिथून चालते, त्या यंत्रणेचे सर्व्हर बंद पडले आणि बॅकअपवरून कामकाज परत उभे करावे लागले. महामंडळाकडे एका नावाजलेल्या कंपनीचा अँटिव्हायरस होता. अँटिव्हायरस चोराला ओळखण्याचा प्रयत्न करतो. उघड्या राहिलेल्या दाराचे तो काही करू शकत नाही. तो हवाच, पण त्याच्या भरवशावर दुरुस्त्या सोडून देता येत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अनुभवी माणसे घेतात: ‘अपडेट केले की चालू असलेले बंद पडते.’ हे खरे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थांबवले. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर ती फाइल गेली आणि अकराच्या आत मागे घेतली गेली, तरी आपल्या विमानतळांवर दिवसभर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. याहून भयंकर उदाहरण २७ जून २०१७चे आहे. युक्रेनमध्ये करभरणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हरच हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर अपडेट म्हणून पाठवले. मार्स्क या जहाज कंपनीला त्याचा तडाखा बसला आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावाशेवा बंदरातले टर्मिनल ठप्प झाले. खान्देशातली केळी ज्या बंदरातून आखाताकडे जाते, त्या बंदरात ट्रकांच्या रांगा लागल्या, त्या युक्रेनमधल्या एका हिशेबी सॉफ्टवेअरमुळे. मार्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले.

मग अपडेट न करणेच बरे, असा निष्कर्ष निघतो का? दोन्ही घटना नीट पाहिल्या तर निघत नाही. नॉटपेट्या एकदा आत शिरल्यावर पसरला त्यातली एक वाट वॉनाक्रायचीच होती, म्हणजे मार्चमध्ये दुरुस्त झालेल्या दोषाची. ज्यांनी ती दुरुस्ती घेतली होती, त्यांच्याकडे ती एक वाट तरी बंद होती. क्राउडस्ट्राइकचा घोटाळा सगळ्या संगणकांवर एकदम फाइल गेल्यामुळे इतका पसरला; ग्राहकांनी टप्प्याटप्प्याची व्यवस्था लावली होती, पण ती या प्रकारच्या फाइलींना लागूच नव्हती. सगळ्यांवर एकदम टाकू नका, हा धडा त्यातून घ्यायचा. सहा संगणकांच्या संस्थेनेही एक संगणक पहिला ठरवावा, शक्यतो ज्याच्यावर टॅली, टोकन आणि प्रिंटर तिन्ही आहेत असा. त्यावर नवी आवृत्ती बसवावी, दोन-तीन दिवस नेहमीचे काम करावे, एक पावती छापून पाहावी, एक सही उमटवून पाहावी आणि मग उरलेल्या पाचांकडे वळावे. आदल्या दिवशीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर असावा. अपडेटने मोडलेला संगणक संध्याकाळपर्यंत सुधारतो. पाच वर्षांच्या ठेवींच्या नोंदी कुलूपबंद झाल्या, तर त्या परत मिळण्याची खात्री कोणी देत नाही.

सगळ्याच दुरुस्त्या तातडीच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माणूस आकडे पाहूनच हात टेकतो. एकट्या २०२४मध्ये जगभरात ४०,०००च्या आसपास दोषांना अधिकृत क्रमांक मिळाले. त्यांपैकी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जाणारे फार थोडे असतात. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा नोव्हेंबर २०२१पासून अशा दोषांची उघड यादी ठेवते आणि भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था सूचना काढते. महिन्यातून एकदा आपल्या नोंदवहीतली वीस-पंचवीस नावे त्या यादीशी ताडून पाहणे हे एका माणसाचे तासाभराचे काम आहे. जे नाव यादीत आले ते त्याच आठवड्यात दुरुस्त करायचे, बाकीचे महिन्याच्या फेरीत. आणि ताडून पाहायला आधी आपली नावे लिहिलेली असावी लागतात. वहीशिवाय ही यादी कोणाच्याच उपयोगाची नाही.

फेरी कधी करायची, हे इथल्या कामकाजाच्या लयीवरून ठरवावे लागते. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची पुस्तके रात्रीची वेळ सुचवतात. आपल्याकडे संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच खाली ओढला जातो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना आणि वीज केव्हाही जात-येत असताना ही सवय शहाणपणाचीच आहे. पण मग रात्री दोन वाजता ठरवलेले अपडेट कधीच होत नाही. (क्रोमचे मात्र या सवयीने भले होते, तो रोज बंद होतो आणि रोज नव्याने उघडतो.) म्हणून फेरी दिवसाच हवी, जेवणाच्या सुट्टीत. जीएसटीची ११ आणि २० तारीख टाळावी, मार्चअखेर टाळावी, कॉलेजात परीक्षेच्या अर्जांचा आठवडा टाळावा. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी आपल्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढतात, त्या आपल्याकडे मंगळवारी रात्री पोहोचतात. म्हणजे २१ तारखेनंतरचा आठवडा सोयीचा पडतो. तोवर एखादी दुरुस्ती वाईट निघाली असेल तर तिची बोंब झालेली असते.

साधनेही परवडणारी आहेत. विंडोज १० आणि ११मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंगेट नावाचे साधन दिले आहे. एका ओळीच्या आज्ञेने ते क्रोम, सेव्हन-झिप, व्हीएलसी अशा अनेक सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या शोधून नव्या बसवते. चेन्नईच्या झोहो समूहातल्या मॅनेजइंजिनची दुरुस्ती-व्यवस्था थोड्या संगणकांसाठी मोफत मिळते. पुण्याच्या क्विक हीलच्या सेक्राइट या व्यावसायिक मालिकेत ही सोय आहे, आणि अनेक संस्था तिचे पैसे भरूनही ती चालू करत नाहीत. टॅली, टोकन आणि मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर मात्र अशा साधनांच्या यादीत सहसा नसतात. ती हातानेच करावी लागतात, म्हणून वहीत त्यांच्यापुढे विक्रेत्याचे नाव हवे. साधनापेक्षाही मोठा फरक एका निर्णयाने पडतो. कर्मचाऱ्याचे रोजचे लॉगिन साधे ठेवायचे, सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार एका नावावर ठेवायचा, आणि तो पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवायचा नाही. कामाला अडथळा येतो, अशी कुरकुर पहिले दोन आठवडे होईल. ती सोसावी, कारण त्याशिवाय वहीतली नोंद आणि संगणकातली वस्तू एक राहणार नाही.

चोरीच्या प्रतींचा विषय टाळून हे प्रकरण पुरे होणार नाही. कुलूप तोडून बसवलेल्या सॉफ्टवेअरचे अपडेट मुद्दाम बंद केलेले असते, कारण अपडेट झाले की ते ओळखले जाईल. म्हणजे पैसे वाचवताना आपण दुरुस्तीची वाटच बंद करतो, आणि वर कुलूप तोडणाऱ्या अनोळखी माणसाचा प्रोग्राम सर्वाधिकारासह आत घेतो. खरी प्रत महाग पडत असेल तर लिबरऑफिस आहे, सेव्हन-झिप आहे. सेव्हन-झिपही स्वतःहून अद्ययावत होत नाही, म्हणून त्याचीही नोंद हवीच.

शेवटचा गट अशा संगणकांचा आहे, ज्यांची दुरुस्ती होऊच शकत नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला आणि २०२३मध्ये क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती ठरली. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरी छापखान्यात, साप्ताहिकाच्या कचेरीत किंवा जुन्या संस्थेत एक संगणक असा असतोच, ज्यावर पेजमेकर आणि श्रीलिपीची जुनी आवृत्ती आहे, मागे डोंगल लावलेले आहे आणि वीस वर्षांचा मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. त्याला फेकून द्या म्हणणे सोपे आहे, पण त्यात गावाचा छापील इतिहास असतो आणि तो माझ्या लेखी सुरक्षेइतकाच मोलाचा आहे. अशा संगणकाची नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे, छपाईसाठी फाइल बाहेर न्यायची तर एकच ठरलेला पेनड्राइव्ह वापरावा आणि तो दर वेळी दुसऱ्या संगणकावर तपासावा. रिकाम्या वेळात एकेक अंक युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये उतरवत न्यावा. नोंदवहीत त्याच्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘नेटपासून वेगळा’ असे लिहावे, त्याखाली उतरवून झालेल्या वर्षांची नोंद करत जावी, आणि शेवटचे वर्ष उतरले की निर्लेखनाचा ठराव घ्यावा.